जावाच्या लिपीतला 'ह', ज्याचा ह बऱ्याचदा ऐकूच येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा 'ह' नक्की कुठला?

इंडोनेशियातल्या जावा बेटावरची जी जुनी लिपी आहे ना, तिच्यातलं हे पहिलं अक्षर. लिपीला तिथे अक्सारा जावा म्हणतात, कुणी पहिल्या पाच अक्षरांवरून हनचरक म्हणतं, कुणी नुसतं चरकन. मूळ अक्षरं २०. आपल्या अक्षरांत लिहायची तर ह न च र क, द त स व ल, प ड ज य ञ, म ग ब ट ङ. (रोमनमध्ये त्यातल्या ड आणि ट ला पुढे एच लावून लिहितात, त्यामुळे लोक ढ आणि ठ वाचतात, पण उच्चार आपल्या ड-ट सारखाच आहे.) जावानीज बोलणारे ८ कोटींच्या आसपास आहेत, म्हणजे भाषा काही छोटी नाही, फक्त आज ती लिहिली जाते बहुतेक रोमनमध्ये.

आपल्या देवनागरीशी याचं काही नातं आहे का?

आहे, लांबचं पण पक्कं. दोन्ही ब्राह्मीच्या पोरी. दक्षिण भारतातली पल्लव लिपी समुद्रमार्गे जावाला पोचली, तिची तिथे कावी लिपी झाली आणि कावी बदलत बदलत आजची जावानीज झाली. मध्य जावातला चंगलचा शिलालेख इसवी सन ७३२ चा, संस्कृतमध्ये आणि पल्लव वळणाच्या अक्षरांत, आणि त्यावर साल घातलंय शक ६५४. हो, तोच शक जो आपल्या पंचांगात असतो. जावात हा शक पार १६३३ पर्यंत चालला, मग सुलतान आगुंगने चांद्र वर्ष आणलं पण आकडा मात्र नव्याने सुरू न करता १५५५ पासून तसाच पुढे चालू ठेवला, त्यामुळे आजही तिथल्या पारंपरिक कॅलेंडरात शकाचं शेपूट आहे.

नात्यामुळे फायदा असा की आपल्याला बेसिक कल्पना शिकाव्या लागत नाहीत. अक्षरात 'अ' आधीच असतो, काना-मात्रा लावून स्वर बदलतो, हलंत करता येतं, जोडाक्षरं असतात, हे सगळं तिकडेही तसंच.

अक्षर दिसतं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यावर शिरोरेषा नाही. उभ्या पायांची एक रांग, वर-खाली वळणं घेत जोडलेली, काही रेषा जाड काही बारीक, अशी एकूण ठेवण. ही ठेवण बऱ्याच अक्षरांची आहे त्यामुळे नवशिक्याला सुरुवातीला ह, य, त, ल सगळे चुलतभाऊ वाटतात आणि पाय मोजत बसावं लागतं. थोडं वाचलं की डोळा बसतो.

हाताने लिहायच्या शैली पण वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची नावं मस्त आहेत. एक म्हणजे म्बाता सारिंबाग, विटेसारखी चौकोनी. दुसरी ङ्गेतुंबार, धण्यासारखी गोलसर. तिसरी मुचुक एरी, काट्याच्या टोकासारखी वरून टोकदार. म्हणजे तोच ह तीन पोथ्यांत तीन चेहऱ्यांचा दिसू शकतो. छापील फाँट बघून शिकलात आणि मग एकदम जुनी पोथी उघडलीत तर हे डोक्यात ठेवा.

मग उच्चार ह करायचा की अ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर ऐकून लोक वैतागतात. दोन्ही. पण अस्सल जावानीज शब्दांत, खास करून शब्दाच्या सुरुवातीला, बहुतेक वेळा अ.

झालं काय की जुन्या जावानीजमध्ये ह चा उच्चार होत होता. 'आहे' या अर्थाचा शब्द होता हना. पुढे बोलण्यात सुरुवातीचा ह गळून पडला, शब्द झाला अना, पण लिहिणाऱ्यांनी स्पेलिंग काही बदललं नाही, ते ह-न असंच लिहीत राहिले. असं शेकडो शब्दांचं झालं. मग हळूहळू लोकांच्या डोक्यात असं बसलं की हे अक्षर म्हणजे अ, आणि मग जिथे कधीच ह नव्हता तिथेही तेच लिहायला लागले. 'मी' म्हणजे अकु, तो लिहितात ह आणि क ला उकार. 'मासा' म्हणजे इवाक, तो लिहितात हि-वाक. अर्जुन सुद्धा अक्षराने बघितलात तर हर्जुन आहे! वायांगच्या, म्हणजे तिथल्या सावली-बाहुल्यांच्या, खेळातला तो धनुर्धर, आपलाच अर्जुन, पण ह च्या कुबडीवर उभा.

ह खराखुरा ऐकू येतो तो 'महा' सारख्या शब्दात जिथे दोन्ही बाजूंना एकच स्वर आहे, किंवा बाहेरून आलेल्या शब्दांत आणि नावांत. कुठे ह म्हणायचा आणि कुठे नाही हे अक्षर बघून कळत नाही, शब्द माहीत असावा लागतो. याला शॉर्टकट नाही.

आणि ते 'होनोचोरोको' काय भानगड आहे?

योग्याकार्ता आणि सुराकार्ता, म्हणजे सोलो, या भागातल्या बोलीत शब्दाच्या शेवटी मोकळा 'अ' आला की तो ऑ होतो, आपण डॉक्टरमध्ये म्हणतो तसा. म्हणून हनचरक होतं हॉनॉचॉरॉकॉ आणि अना होतं ऑनॉ. पश्चिमेकडे बान्युमास भागात मात्र अ चा अ च राहतो आणि सोलोवाले त्यांच्या बोलीची टर उडवतात, हे आपल्याला काही नवीन नाही. लिपीत याने काहीच फरक पडत नाही, अक्षर तेच.

अ साठी वेगळं अक्षरच नाही का या लिपीत?

आहे की. अ, इ, उ, ए, ओ अशी स्वतंत्र स्वराक्षरं आहेत, त्यांना अक्सारा स्वारा म्हणतात, नाव ऐकूनच कळलं असेल. पण ती रोजच्या वापरात नाहीत, बाहेरची नावं वगैरे लिहायची असतील आणि उच्चार नक्की स्वराचाच व्हायला हवा असेल तेव्हा ती काढायची. शिवाय त्यांची एक अडचण आहे, त्यांना जोडरूप नाही, म्हणजे आधीच्या व्यंजनाला चिकटवता येत नाहीत, मग आधीच्या अक्षराला सरळ हलंत करावं लागतं.

रोजचं काम सगळं ह वर चालतं. ह ला वेलांटी लावली की इ, उकार लावला की उ, असं. आपल्याकडे सावरकरांच्या लिपीशुद्धीत अ ची बाराखडी होती आठवतं का, अि अी अु अू अे असं लिहायचं, जुन्या पुस्तकांत अजून दिसतं ते. तीच आयडिया आहे ही, फक्त अ च्या जागी ह, आणि इथे कुणी सुधारणा म्हणून आणली नाही, वापरता वापरता आपोआप झाली. आणि आपल्याकडे ती टिकली नाही, तिकडे शतकानुशतकं चाललीय.

ह ची बाराखडी सांगा ना.

बाराखडी म्हणण्याइतकी मोठी नाही. वुलु म्हणजे डोक्यावरचं गोल, त्याने इ. सुकु खाली लागतो, त्याने उ. तालिंग अक्षराच्या आधी, डावीकडे लिहायचा, त्याने ए. तालिंग डावीकडे आणि तारुंग उजवीकडे असं दोघांच्या मध्ये अक्षर पकडलं की ओ. पेपेत पण वरच, त्याने तो अर्धवट अस्पष्ट स्वर येतो जो जावानीजमध्ये पावलोपावली आहे आणि ज्याला देवनागरीत नीट चिन्हच नाही. ऱ्हस्व-दीर्घ रोजच्या लिखाणात नाही, त्यामुळे शुद्धलेखनवाल्यांची ती डोकेदुखी वाचली.

मग अक्षर बंद करणाऱ्या खुणा. चेचाक लावला की शेवटी ङ, हा आपला अनुस्वार. लायार लावला की शेवटी र, हा आपला रफार. पण रफाराची गंमत बघा, आपण अर्जुन लिहिताना रफार ज वर देतो, म्हणजे पुढच्या अक्षरावर. आजच्या जावानीजमध्ये तो ज्याच्यानंतर र बोलला जातो त्याच्याच डोक्यावर असतो, म्हणजे अर्जुनमध्ये ह वर. मला विचाराल तर त्यांचंच जास्त लॉजिकल आहे, पहिलीतल्या पोरांना रफार शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

ह ला य जोडला की ह्य, त्यासाठी पेङ्काल नावाची खूण आहे. त्यावर चेचाक दिला की ह्यङ, म्हणजे दैवत, पूज्य शक्ती. दिएंग पठारावर ती जुनी शिवाची देवळं आहेत ना, ज्यांना लोकांनी नंतर अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावं दिली, त्या दिएंगच्या नावात हाच ह्यङ लपलाय, आणि ह तिथेही गेलाय गळून.

शब्दाच्या शेवटी ह आला तर हेच अक्षर हलंत करायचं का?

नाही! आणि हीच तर मजा आहे. शेवटचा ह जावानीजमध्ये चांगला खणखणीत ऐकू येतो, 'घर' म्हणजे ओमाह, पण त्यासाठी ह अक्षर वापरत नाहीत. त्याला विग्न्यान नावाची वेगळी खूण आहे, अक्षराच्या उजवीकडे लागते, आणि ती म्हणजे सरळसरळ आपला विसर्ग. म्हणजे ओमाह लिहिताना पहिलं अक्षर ह ला ओकार (उच्चार नुसता ओ), मग म आणि त्याच्यापुढे विसर्ग (उच्चार माह). अख्ख्या शब्दात ह अक्षर जिथे आहे तिथे ह वाजत नाही आणि जिथे वाजतो तिथे ते अक्षर नाही. शिकवताना हा एक शब्द फळ्यावर लिहिला की अर्धा धडा संपतो.

विसर्ग मराठीत नावापुरता उरलाय, दुःख आणि स्वतः सोडले तर कोण लिहितं. तिकडे तो रोजच्या रोज राबतोय.

पासांगान म्हणजे काय आणि ह चा पासांगान वेगळा का?

पासांगान म्हणजे जोडाक्षरात दुसऱ्या नंबरला येणाऱ्या अक्षराचं रूप. आपल्याकडे पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. त्यांच्याकडे उलट, पहिलं जसंच्या तसं उभं आणि दुसरं रूप बदलून त्याच्या खाली लटकतं. प्रत्येक मूळ अक्षराला असं एक रूप असतं, म्हणजे २० अक्षरं शिकलात की आणखी २० आहेतच.

बहुतेक पासांगान खाली बसतात, पण ह, स आणि प यांचे खाली न जाता उजवीकडे शेजारी बसतात. त्यामुळे ओळ वाचताना ह चा पासांगान हे अर्धं काहीतरी वेगळंच अक्षर आहे असं वाटून गोंधळ होतो.

आता तुम्ही म्हणाल की ह जर बहुतेक वेळा अ च असतो तर त्याचं जोडाक्षर होतंच कशाला? होतं, आणि सतत होतं, कारण या लिपीत पारंपरिक पद्धतीने दोन शब्दांत जागाच सोडत नाहीत. 'मासे खाणे' म्हणजे मङान इवाक. मङानचा शेवटचा न् आणि इवाकची इ या लगेच एकमेकांना चिकटतात, इ म्हणजे ह ला वेलांटी, मग न ला ह चा पासांगान आणि त्यावर वेलांटी. म्हणजे व्यंजनाने संपणारा शब्द आणि स्वराने सुरू होणारा शब्द शेजारी आले की ह चा पासांगान हजर. वाक्याच्या अगदी शेवटी व्यंजन आलं तरच पांकोन लावायचा, तो म्हणजे आपला हलंत. मध्येच पांकोन टाकत सुटणं हे नवशिक्याचं लक्षण समजतात.

पहिलं अक्षर ह च का? क का नाही?

जुना क्रम क ख ग घ ङ असाच होता, आपल्यासारखा, तोंडात आवाज कुठून येतो त्यावरून लावलेला. नंतरच्या काळात हनचरक क्रम रूढ झाला आणि तो चक्क एक चार ओळींची कविता आहे, प्रत्येक मूळ अक्षर एकदाच. हना चरका, दोन दूत होते. दाता सवाला, त्यांच्यात वाद झाला. पडा जयाञा, दोघांचं बळ सारखं. मागा बटाङा, ही बघा त्यांची प्रेतं.

गोष्ट आजी साका नावाच्या वीराची. तो मेडाङ कामुलान राज्यात येतो, तिथला राजा देवाता चेंगकार माणसं खातो. आजी साका त्याच्याकडे फक्त आपल्या पागोट्याच्या कापडाएवढी जमीन मागतो, कापड उलगडत उलगडत सगळं राज्य व्यापतं आणि राजा समुद्रापर्यंत ढकलला जातो (वामन आणि बळी आठवले ना, वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवतात). मग तो मागे ठेवलेला आपला खंजीर आणायला सेवक डोराला पाठवतो. पण खंजिरापाशी बसलेल्या संबादाला आधी सांगून ठेवलेलं असतं की माझ्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही. दोघंही इमानी, दोघंही आपल्या हुकुमाला चिकटून, लढतात आणि मरतात. आजी साका दुःखाने या चार ओळी रचतो. हाच आजी साका शक कालगणना घेऊन आला असंही तिथे सांगतात. दंतकथा आहे, इतिहास म्हणून वाचू नका, पण २० अक्षरं पाठ करायला यापेक्षा भारी युक्ती मिळणार नाही.

ह ला काही धार्मिक किंवा गूढ अर्थ आहे म्हणतात, खरं का?

जावातल्या अध्यात्मिक मंडळींनी वीसही अक्षरांना अर्थ लावलेत. ह साठी 'हना हुरिप वेनिङ सुची' असं सांगतात, निर्मळ पवित्र जीवन आहे अशा काहीशा अर्थाने. हुरिप म्हणजे जीवन, बोलण्यात उरिप, ह पुन्हा गायब. इंटरनेटवर याच्यावर ढीगभर पोस्टी सापडतील, माझं मत विचाराल तर हे अर्थ नंतर चढवलेले आहेत, अक्षर आधीचं.

राजचिन्हावर हे अक्षर आहे ते कुठलं?

योग्याकार्ताच्या सुलतानाचं. तिथले सगळे सुलतान हमेंगकु बुवोनो हेच नाव घेतात आणि नंबर लावतात, सध्याचे १० वे. राजघराण्याच्या प्राजा चिह्ना नावाच्या चिन्हात मधोमध जावानीज ह आणि ब आहेत, नावाची आद्याक्षरं. आणि बघा, ज्या अक्षराला भाषेत आवाज नाही तेच राजवाड्याच्या दारावर.

याच राजवाड्यावर जून १८१२ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला, त्यात बंगालच्या फौजेतले हिंदुस्थानी शिपाई होते म्हणून तिथे त्या प्रसंगाला गेगेर सेपेही, म्हणजे शिपायांचा गोंधळ, म्हणतात. तेव्हा राजवाड्यातल्या पोथ्या लुटून नेल्या. त्यातल्या ७५ पोथ्यांचं ब्रिटिश लायब्ररीने डिजिटायझेशन २०१९ मध्ये पूर्ण केलं, आता त्या ऑनलाइन बघता येतात. अस्सल हस्ताक्षरातला ह बघायचा असेल तर तिथे जा. मूळ पोथ्या लंडनलाच आहेत ही गोष्ट मात्र खटकते.

कॅपिटल ह असतो का?

कॅपिटलसारखं काहीतरी आहे, त्याला मुर्दा म्हणतात, राजाचं, मोठ्या माणसाचं किंवा गावाचं नाव आदराने लिहायला. पण ते मोजक्याच अक्षरांना आहे आणि ह ला नाही. मग ह ने सुरू होणारं नाव असेल तर पुढे ज्या अक्षराला मुर्दा रूप आहे त्याला ते द्यायचं. ही मुर्दा रूपं मुळात आपली ख, घ, थ, फ, भ, ण अशी अक्षरं आहेत. जावानीजला हे आवाज लागत नव्हते, अक्षरं मात्र होती, टाकून देण्यापेक्षा मानाची म्हणून वापरली. काटकसर बघा.

तीन टिंबं दिलेला ह दिसतो तो कुठला?

अरबी शब्दांतला घशातून येणारा ह. त्या तीन टिंबांना चेचाक तेलु म्हणतात, हिंदीवाले उर्दूसाठी नुक्ता देतात तसंच काम. क ला दिलं की ख़, प ला दिलं की फ़, ज ला दिलं की ज़.

मोबाइलवर टाइप करता येतो का? मला चौकोनच दिसतात.

युनिकोडमध्ये ही लिपी ऑक्टोबर २००९ ला आली, ५.२ आवृत्तीत. ह चा कोड ए९बी२. गंमत म्हणजे शाळेच्या तक्त्यात पहिला असलेला ह युनिकोडमध्ये अक्षरांच्या सगळ्यात शेवटी आहे, कारण तिथे जुना क ख ग क्रम धरलाय. पासांगानला वेगळा कोड नाही, आधी पांकोन मग ह टाइप करायचा आणि फाँट बाकीचं बघतो, देवनागरीत हलंत टाकून जोडाक्षर होतं तसंच. चौकोन दिसत असतील तर फोनमध्ये फाँट नाही, नोटो सान्स जावानीज फुकट आहे तो टाका. विंडोजमध्ये ८.१ पासून जावानीज टेक्स्ट नावाचा फाँट येतो.

आणि एक, गेममध्ये आपली पोरं नावाच्या दोन्ही बाजूंना ते नक्षीदार पंखासारखे कंस लावतात ना, ते याच लिपीतले आहेत! रेरेंगान म्हणतात त्यांना, पोथीत शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना द्यायची सजावट. तेव्हा जावानीज लिपी कधी वापरली नाही म्हणणाऱ्यांनी जरा आपला गेमर आयडी तपासावा.

आज हे अक्षर कोण लिहितं?

रोजच्या व्यवहारात फार कमी लोक. १९ व्या शतकात धातूचे टाइप पाडून या लिपीत भरपूर छापलं जायचं, सुराकार्तातून १८५५ मध्ये ब्रामार्तानी नावाचं वर्तमानपत्र निघालं. २० व्या शतकात रोमन सगळीकडे शिरली आणि १९४० च्या दशकात छपाई जवळपास बंदच पडली. आता शाळेत स्थानिक भाषेच्या तासाला पोरं शिकतात, बरीचशी परीक्षेपुरती. योग्याकार्तात मालिओबोरोसारख्या रस्त्यांच्या पाट्यांवर रोमनसोबत जावानीज असते आणि २०२१ मध्ये तिथेच या लिपीची पहिली काँग्रेस भरली, त्यात लिहिण्याचे नियम आणि डिजिटल वापर यावर चर्चा झाली.

बालीमध्ये पण हनचरकच आहे ना, तो ह वेगळा का?

लिपी सख्खी बहीण आहे, मूळ कावीच. बालीत अक्षरं १८, ड आणि ट वगळून, कारण भाषेला ते लागत नाहीत. ह तिथेही पहिला आणि तिथेही बऱ्याचदा मुका. वळण जास्त गोलसर आहे. जावानीज ह ओळखता आला तर बाली ह ओळखायला फार वेळ लागत नाही, पण अख्खं पान वाचायला घेतलंत तर वेगळं बसावं लागेल, आणि तिथे मंत्रातंत्रांसाठी संस्कृतची अक्षरं जास्त जपलीत, त्यामुळे देवळातल्या पोथीत स्वतंत्र अ सुद्धा भेटेल.